राजधानीला पोसते कोण?

मुंबई साऱ्या देशाला पोसते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते पडताळून पाहण्याची गरज आता कोणालाच वाटेनाशी झाली आहे. निवडणुकीच्या सभेत ते म्हटले जाते, महाराष्ट्र दिनाच्या भाषणात म्हटले जाते, शाळेच्या निबंधात मुले ते लिहितात आणि गुणही मिळवतात. देशाच्या आयकरातील जवळजवळ एक-तृतीयांश वाटा ह्या एका शहराचा, असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँक येथे, शेअर बाजार येथे, मोठमोठ्या उद्योगगृहांच्या मुख्य कचेऱ्या येथे. ह्या शहराच्या महानगरपालिकेचे २०२५-२६ ह्या वर्षाचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. देशातील काही लहान राज्यांचे अंदाजपत्रकही एवढे नसते. आकडे दिपवून टाकणारे आहेत, आणि आकड्यांशी आमचे भांडण नाही. त्या आकड्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, त्याच्याशी आहे.

आमचे म्हणणे असे की ‘मुंबई देशाला पोसते’ हे अर्धे वाक्य आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे मुंबईला कोण पोसते, हा व्यासपीठावरून कधी उच्चारला जात नाही. आणि जोवर तो उच्चारला जात नाही, तोवर पोसणाऱ्यांना शहराबाहेर काढण्याचे काम विकासाच्या नावाखाली निर्वेधपणे चालू राहील. हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. विरारहून पहाटेची गाडी गाठणारा तरुण, गावठाणातल्या वडिलोपार्जित घराची चिंता वाहणारी वृद्धा, वसईच्या वाडीत उरलेल्या चार गुंठ्यांत भाजी लावणारा शेतकरी, ह्या सर्वांच्या छपराचा आणि ताटाचा हा प्रश्न आहे.

प्रथम कराचा हिशेब पाहू. आयकर जेथे संपत्ती निर्माण होते तेथेच नोंदला जातो, असे नाही. सामान्यतः जेथे कंपनीची मुख्य कचेरी असते तेथे तो नोंदला जातो. खाण ओरिसात असो, कारखाना विदर्भात असो, गिऱ्हाईक बिहारात असो. कचेरी नरिमन पॉइंटला असली की नफ्यावरचा कर मुंबईच्या खाती जमा होतो. आयुर्विमा महामंडळाचा हप्ता गडचिरोलीतला शिक्षक भरतो आणि केरळातली परिचारिकाही भरते. परंतु महामंडळाची मुख्य कचेरी १९५६ पासून मुंबईत आहे, म्हणून त्या हप्त्यांवर उभ्या राहिलेल्या व्यवसायाचा कर मुंबईचा ठरतो. रिझर्व्ह बँकेची मध्यवर्ती कचेरी तरी जन्मतः येथली कोठे आहे? ती १९३७ साली कलकत्त्याहून येथे आली. कचेऱ्या येतात आणि जाऊही शकतात. शहराच्या नावावर जो कर दिसतो त्यात शहराचे कर्तृत्व आहेच; येथल्या व्यापाऱ्यांचे चातुर्य, येथल्या बंदराचे स्थान, येथल्या बँकांचा अनुभव आम्ही नाकारीत नाही. पण एका पत्त्यावर भरलेला कर म्हणजे एका पत्त्यावर झालेले श्रम, असे समजणे हा भाबडेपणा आहे. आणि जाणत्यांनी तसे सांगणे हा भाबडेपणा नव्हे, ती दिशाभूल आहे.

आता ही संपत्ती मुळात आली कोठून, ते पाहू. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने दिली, हे सर्वश्रुत आहे. कोळी, आगरी, भंडारी, पाचकळशी आणि आपले ईस्ट इंडियन ह्यांच्या वाड्या व पाखाड्या ह्या भूमीवर होत्या. तिचे मोल मात्र त्या दिवशी एवढेच ठरले होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. त्या पैशाने लोकांनी काय केले? समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा खेळला. बॅकबेच्या भरावाची कंपनी स्थापन झाली, तिच्या भागांचे भाव आकाशाला भिडले, आणि १८६५ साली ते युद्ध संपताच सारा डोलारा कोसळून कित्येक घरांचे दिवाळे निघाले. जमिनीच्या भावावर उभी केलेली श्रीमंती कशी असते, ह्याचा पहिला धडा मुंबईने १६० वर्षांपूर्वीच गिरवला आहे.

त्या पडझडीतून शहर सावरले ते गिरण्यांमुळे, म्हणजेच श्रमामुळे. रत्नागिरीचा, सातार्‍याचा, घाटावरचा माणूस परळ-लालबागेत आला. एकेका खोलीत दहा-दहा जणांनी पाळ्या लावून पाठ टेकली. त्यांना खानावळवाल्या बायांनी जेवू घातले. ह्या बायांच्या कष्टाची दखल घेणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली काढले, तोवर त्या कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. धोबीतलावच्या कुडांत गोव्याचे आपले बांधव बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत राहिले. साष्टी व मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने तर आपले नावच ह्या शहराच्या अर्थव्यवस्थेतून घेतले. गोवा व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सरकारी नोकरीच्या दारात कळावे, म्हणून १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे अभिधान स्वीकारण्यात आले. आणि आमच्या वसईने काय दिले? भाजी दिली, दूध दिले, केळी दिली, दादरच्या बाजाराला फुले दिली. पहाटेच्या गाडीत पाट्या चढविणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी राजधानीच्या चुली पेटत्या ठेवल्या.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. गिरणी कामगाराचे बालपण कोकणाने पोसले. त्याच्या बायकापोरांना गावच्या भातशेतीने जगविले. तो आजारी पडला की गावी गेला, म्हातारा झाला की गावीच परतला. गिरणीने त्याला मजुरी दिली ती फक्त त्याच्या धट्ट्याकट्ट्या वर्षांची. माणूस घडविण्याचा आणि माणूस थकल्यावर सांभाळण्याचा खर्च गावाच्या माथी, आणि मधल्या वर्षांचा नफा शहराच्या पदरी! मनिऑर्डरी गावाला गेल्या हे खरे. पण देणे कोणाचे कोणाकडे राहिले, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. आठवड्यातून एक दिवस विसावा हवा, ही साधी मागणीसुद्धा शहराने आपणहून मान्य केली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. आपण ज्या रविवारी निश्चिंतपणे मिस्सेला जातो, तो रविवार ह्या शहरातील कामगाराला झगडून मिळाला आहे.

ही झाली श्रमावर उभी असलेली मुंबई. ती बदलली कधी? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही विरत गेले. संपाचे नेतृत्व बरोबर होते की चूक, ह्यावर आजही वाद होतात. आम्ही त्या वादात शिरत नाही. आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते संपानंतर जे घडले त्याकडे.

गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती आणि गिरण्या ५८. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करावेत. एक मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, आणि एक मालकाला, असा त्याचा आशय होता. नियम काही क्रांतिकारक नव्हता, पण न्यायाची जाण त्यात होती. शहराने दीडशे वर्षे जे श्रम घेतले, त्यांची थोडी परतफेड बागांच्या व घरांच्या रूपाने व्हावी, इतकेच ते म्हणणे होते. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशा दाखविली. आणि २००१ साली शासनाने नियमाचा अर्थच बदलून टाकला. तीन वाटे करायचे ते साऱ्या जमिनीचे नव्हे, फक्त जिच्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचे! ज्या जमिनीवर गिरणी उभी होती, ती बांधकाम पाडल्यावर मालकाचीच राहिली. दोन-तृतीयांशाचे आश्वासन एका ओळीच्या दुरुस्तीने तुकड्यावर आले. २००५ साली उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती लोकांच्या बाजूने वाचली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि दुरुस्ती कायम केली. न्यायालयाचा निर्णय आम्ही मानतो. परंतु कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, असे मानण्यास मात्र आम्ही बांधलेले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, गिरण्या तर आजारीच होत्या. यंत्रे जुनी, सुरत-भिवंडीच्या मागांची स्पर्धा तीव्र, मालकांनी तरी काय करावे? आम्ही हे मान्य करतो. यंत्रे आजारी होती. जमीन आजारी नव्हती. आणि कापडही बंद झाले नाही. जे काम परळमध्ये संघटित कामगार पगारी रजेसह व भविष्यनिर्वाह निधीसह करीत होता, तेच काम भिवंडीच्या यंत्रमागावर असंघटित कामगार ह्यांपैकी काहीही नसताना बारा-बारा तास करू लागला. तेव्हा बंद झाला तो धंदा नव्हे. बंद झाली ती धंद्यात श्रमणाऱ्याची प्रतिष्ठा. राजधानीच्या अर्थव्यवस्थेचे केंद्र सरकले ते इथे. पूर्वी शहर कमवीत होते ते मागावर. आता ते कमवू लागले चटईक्षेत्रावर. माणसाच्या हातापेक्षा त्याच्या पायाखालच्या जमिनीला किंमत आली, आणि मग तो माणूसच त्या जमिनीवरची अडचण ठरला.

त्याचे परिणाम दूर शोधायला नकोत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्याला तेव्हा एल्फिन्स्टन रोड म्हणत त्या स्थानकाच्या पुलावर पावसाच्या आडोशाला गर्दी थांबली. चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. स्थानक गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेले. भोवताली गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांना चटईक्षेत्र भरपूर मिळाले. जिन्याला मिळाले नाही. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. ह्या दुर्घटनांना आपण अपघात म्हणतो. जमिनीतून पैसा काढायचा आणि त्या जमिनीवर वावरणाऱ्या माणसांची व्यवस्था करायची नाही, असे धोरण ठरविल्यावर जे घडते त्याला अपघात म्हणणे कितपत योग्य आहे?

आणि गिरणी कामगाराचे काय झाले? घरासाठी अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस ह्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली. पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर ३० वर्षांनी. कित्येकांनी घराऐवजी आधी जगाचा निरोप घेतला. उरलेल्यांना शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा ते व त्यांची मुले जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात जमली. त्यांचे मागणे एकच होते: आमच्या घामावर जे शहर उभे राहिले, त्या शहरातच आम्हांला घर द्या. ज्या मुंबईसाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्या मुंबईत मराठी कामगाराला वांगणीचा रस्ता दाखविण्यात यावा, हा दैवदुर्विलास नव्हे. हा धोरणाचा परिपाक आहे.

आता पाण्याकडे वळू. मुंबईला सात तलाव पाणी देतात. त्यांपैकी विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि शहराच्या आजच्या गरजेत त्यांचा वाटा अगदी अल्प. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा हे सारे बाहेर, ठाणे, पालघर व नाशिक ह्या जिल्ह्यांत. दररोज ३,८०० दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी ह्या तलावांतून शहराकडे जाते आणि त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची भिंत दिसते, जलवाहिनी दिसते, आणि आदिवासी बाई डोक्यावर हंडा घेऊन तिच्या बाजूने चालत जाते. मुंबई देशाला पोसते म्हणतात. ह्या बाईला ती कोणत्या रकान्यात पोसते?

आणि येथे आपण वसईकरांनीही बोट फक्त दक्षिणेकडे दाखवून चालणार नाही. सूर्या नदीवरील धामणी व कवडास ही धरणे पालघर-डहाणूकडील शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधली गेली. आज दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरांची सूर्या प्रादेशिक योजना आहे ती वसई-विरार व मीरा-भाईंदर ह्या शहरांसाठी. राजधानी जसजशी फुगत जाते, तसतशी ती आपल्या उपनगरांनाही आपल्यासारखेच करून सोडते. कालचे देणारे आज घेणारे होतात, आणि तहान आणखी एका तालुक्याने पुढे ढकलली जाते.

प्रवासाचा हिशेबही असाच एकांगी आहे. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर. जाण्यायेण्यात मिळून दिवसाचे तीन तास गेले आणि वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले, तर नऊशे तास होतात. म्हणजे वर्षातील सदतीस दिवसांहून अधिक काळ माणूस गाडीत उभा असतो. ह्या वेळेची मजुरी त्याला कोणी देत नाही. शहराच्या उत्पन्नात ते तास दिसत नाहीत आणि शहराच्या खर्चातही दिसत नाहीत. दिसतात ते फक्त कधी कधी, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले, तेव्हा दिसले होते तसे.

मग राजधानीचा पैसा जातो कोठे? तीन घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग खुला झाला. दहा किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हा रस्ता. त्यासाठी महानगरपालिकेने तेरा-चौदा हजार कोटी रुपये खर्चिले आणि मोटारवाल्यांकडून पथकर घेतला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. आणि मे २०२५ मध्ये बेस्टच्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मोटारीला माफी, बसला दुप्पट! जी बेस्ट मोलकरणीला, सफाई कामगाराला, इस्पितळातल्या परिचारिकेला कामावर पोहोचविते, तिच्यासाठी पैसा नाही असे सांगणारी तिजोरी तीच, जी किनारामार्गासाठी उघडली गेली. हे निर्णय कोणाला विचारून झाले? महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानेच कारभार पाहिला. हजारो कोटींची अंदाजपत्रके, एकाही नगरसेवकाने प्रश्न विचारल्याविना, एकापाठोपाठ एक मंजूर झाली. राजधानी श्रीमंत होती. तिचे नागरिक मात्र आपल्याच तिजोरीपुढे मुके होते.

इतके सारे सांगण्याचे निमित्त असे की आता हाच हिशेब साऱ्या महानगर प्रदेशावर लादला जात आहे. २०२४ साली नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशासाठी आर्थिक आराखडा मांडला. प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरांवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरांवर न्यावयाची, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. ह्या प्रदेशात वसई आहे, अलिबाग-पेण आहे, भिवंडी आहे. शेजारी वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. त्या प्रकल्पाचा खर्च ७६,२०० कोटी रुपये सांगितला गेला. डॉलर मोजण्याला आमचा विरोध नाही. पण वाढलेले १६० अब्ज कोठून येणार, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे. ते लोकांच्या मजुरीतून आणि कौशल्यातून येणार असतील तर आम्ही स्वागत करू. शेतजमीन बिनशेती झाली, गावठाणाची वाडी मनोऱ्यात रूपांतरित झाली आणि जागेचा भाव वाढला, एवढ्यानेच जर आकडा फुगणार असेल, तर ती वाढ नव्हे, ती सूज आहे. वैद्याला दोहोंतला फरक कळतो. नियोजनकारांना तो कळू नये काय?

‘तुम्ही विकासाच्या आड येता’, हा आरोप आम्हांला नवा नाही. १९८०-९० च्या दशकांत वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हाही तो झाला. आमचे उत्तर इतकेच: रस्ते हवेत, रुग्णालये हवीत, कारखाने हवेत, बंदरेही हवीत. पण ज्या विकासात विकास करणाऱ्यालाच राहायला जागा उरत नाही, तो विकास कोणाचा?

दुसरा आरोप अधिक बोचरा आहे. ‘जमिनी तर तुमच्याच लोकांनी विकल्या.’ होय, विकल्या. मुंबईच्या उत्तरेकडील ज्या शेतांवर पुढे विमानतळ, औद्योगिक वसाहती व कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येक शेते आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची होती. काही सरकारने घेतली, काही बिल्डरांना गेली. वसईतही तेच झाले. विहिरींचा उपसा टँकरसाठी झाला, पाणी खारट झाले, शेती परवडेना, मुले कचेरीत गेली आणि बापाने सही केली. त्या सहीची जबाबदारी टाळता येणार नाही. आलेल्या पैशातून लग्ने थाटात झाली, मोटारी आल्या, आणि दहा वर्षांनी त्याच जमिनीवरच्या इमारतीत खोली घ्यायची आपल्या मुलाची ऐपत उरली नाही. विकणाऱ्याला एकदाच पैसा मिळतो; घेणारा पिढ्यान्पिढ्या भाडे खातो. हे साधे गणित घराघरांत मुलांना शिकविले गेले पाहिजे.

मग करावे काय? नुसता संताप व्यक्त करून लेखणी खाली ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. म्हणून चार मागण्या मांडतो. एक, मुंबई बंदराची पूर्व किनाऱ्यावरची शेकडो एकर जमीन आणि मिठागरे ह्या सार्वजनिक जमिनी आहेत. त्यांबाबत १९९१ च्या तीन वाट्यांचे तत्त्व विधिमंडळाने कायद्यात घालावे, म्हणजे नियमातील एका ओळीने ते पुसता येणार नाही. दोन, धरणाच्या उगमाकडील गावांचा पाण्यावर पहिला हक्क मानावा; शहापूरच्या पाड्याला नळ मिळाल्याविना राजधानीची नवी जलवाहिनी मंजूर होऊ नये. तीन, रस्त्यावरचा पैसा आधी बस आणि रेल्वेच्या पुलांवर खर्च व्हावा, मग मोटारींवर. चार, शहराची श्रीमंती दरवर्षी जाहीर करताना तिच्या शेजारी आणखी एक आकडा छापावा: ह्या शहरात पूर्ण वेळ काम करणाऱ्या किती जणांना ह्या शहरात घर परवडते?

आणि वाचकहो, काही काम आपलेही आहे. २०१६ साली महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या, कारण लोकांनी नकाशे उलगडून पाहिले होते. आराखडे रुक्ष भाषेत लिहिलेले असतात, हरकतीची मुदत ठरावीक असते, आणि ती बहुधा कोणी न वाचताच निघून जाते. प्रत्येक गावात चार सुशिक्षित तरुणांनी ते काम अंगावर घ्यावे. आपला सर्व्हे क्रमांक कोणत्या रंगात दाखविला आहे, एवढे पाहण्यासाठी पदवी लागत नाही. जमीन विकण्याआधी घरातल्या मुलींसह सर्वांना विचारावे. आणि निवडून आलेल्या नगरसेवकाला गटार-दिव्यांबरोबर अंदाजपत्रकाचाही जाब विचारावा.

१ मे हा महाराष्ट्र दिन आहे, कामगार दिन आहे, आणि १९५५ पासून संत योसेफ ह्या कामगाराचा सणही त्याच दिवशी येतो. राज्य, श्रम आणि सुताराचा हात, तिन्ही एका तारखेला एकत्र यावेत हा योग अर्थपूर्ण आहे. येत्या १ मे रोजी कोणी व्यासपीठावरून म्हणेल की मुंबई देशाला पोसते. त्या वेळी सवयीने टाळी वाजवू नये. सभा संपल्यावर वक्त्याला नम्रपणे गाठावे आणि विचारावे, “महाशय, तिला कोण पोसते, आणि ते राहतात कोठे?”